मशीनचं घर

तिहुआना, १४ जानेवारी १९९७

सेले,

हे पत्र हातात पडेल तेव्हा तू खोकत नसशील, अशी आशा करते. खोकत असशील तर आधी बस, पाणी पी, मग वाच.

नाबोरच्या ट्रकमधून एक मोठं खोकं पाठवलंय. त्यात भुसा ओढायचं मशीन आहे. खाली मोटर, वर कापडी पिशव्या आणि बाजूला हत्तीच्या सोंडेसारखा पाइप. तू लाकूड घासशील तिथे सोंड लावायची, म्हणजे धूळ तुझ्या नाकात जायच्या आधी पिशवीत जाते. सीमेपलीकडे सान दिएगोला वेंडेल नावाचा एक म्हातारा आहे, तो गॅरेजमध्ये नातवंडांसाठी डुलणारे लाकडी घोडे बनवायचा. आता मुलीजवळ फ्लॅटमध्ये राहायला चाललाय, म्हणून विकायला काढलं. मशीनबद्दल तो बरंच काही बोलत होता, पण मी भाव पाडण्यात गुंतले होते. "जरा आवाज करतं," एवढं ऐकलं. मी म्हटलं, माझी मक्याची गिरणी आहे, पहाटेपासून ती माझ्या कानाशी खडखडते, मला आवाजाची भीती घालू नका.

मृतांच्या दिवसाला गावी आले होते तेव्हा तू आईच्या कबरीवर झेंडू वाहत होतास आणि तुझ्या छातीतून शिट्टी वाजत होती. मी तिथे काही बोलले नाही, कारण आईसमोर भांडायचं नव्हतं. पण उरुआपानचा डॉक्टर काय म्हणाला ते तुझ्या बायकोने, फिदेलाने, मला सांगितलंय. एकतर ही धूळ जाईल, नाहीतर गिटारी जातील. तू गिटारी सोडून काय करणार आहेस? तुला साधी तोर्तिया भाजता येत नाही.

तेव्हा नीट ऐक. लाकडाला हात लावलास की मशीन चालू. कापताना, घासताना, खरवडताना, नुसती फुंकर मारतानासुद्धा. मशीन बंद असताना लाकडाला हात लावायचा नाही. आईची शपथ घातलीय तुला.

पोचलं की कोपऱ्यावरच्या दुकानातून फोन कर.

तुझी मोठी बहीण,
ओतिलिया

*

पाराचो, ९ फेब्रुवारी

ताई,

मशीन सुखरूप पोचलं. नाबोरने ते उतरवताना स्वतःच्या पायावर घेतलं, त्यामुळे नाबोर तेवढा सुखरूप नाही. फिदेला त्याच्या पायाला लेप लावते आणि तो दोन्ही वेळ जेवायला थांबतो, असं चाललंय.

कारखान्याच्या खोलीत, बाकाशेजारीच बसवलं. पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा कुत्रं पलंगाखाली गेलं ते दुसऱ्या दिवशी बाहेर आलं. शेजारच्या म्हाताऱ्या बाई, दोन्या एपिग्मेनिया, भूकंप झाला समजून संताची तसबीर काखेत मारून रस्त्यावर आल्या. मी त्यांना आत बोलावून मशीन दाखवलं. म्हणाल्या, "बहिणीने पाठवलं? काय केलं होतंस तिचं?"

आवाजाचं म्हणशील तर आहे थोडा. मी विमान कधी जवळून पाहिलं नव्हतं, आता पाहायची गरज उरली नाही. कानात कापूस घालतो, भागतं. पण धूळ मात्र खरंच जाते. शिसवी घासली की पूर्वी संध्याकाळी नाकातून काळं यायचं, ते बंद झालं. छातीतली शिट्टीही बारीक झालीय. फिदेला म्हणते, रात्री तिला आता झोप लागते.

तुझी शपथ अक्षरशः पाळतोय. खरवडायचं पातं उचलायच्या आधीसुद्धा बटण दाबतो.

फोनचा आग्रह नको. दुकानात सगळा गाव कान टवकारून बसलेला असतो. आपलं पत्रच बरं. फुल्खेन्सिओने तुझ्यामार्फत सांगितलेली गिटार नाबोरबरोबर पाठवतो, नाबोरचा पाय बरा झाला की.

सेले

*

तिहुआना, १६ मार्च

सेले,

तू फोन केला नाहीस म्हणून मीच दुकानात फोन करून तुला बोलावून घेतलं. काय मिळालं? विचारलं छाती कशी आहे, तर "हो." विचारलं सोकोर्रो माहेरी आली होती का, तर "बरं." विचारलं माझ्यावर चिडलायस का, तर पुन्हा "हो, हो," आणि फोन ठेवून दिलास! दुकानदाराला मी नंतर पुन्हा फोन करून विचारलं, हा प्यायला होता का. तो म्हणाला, नाही, बरा दिसत होता.

म्हणजे चिडलायस. का, ते मी ओळखलंय. बहिणीने गिरणीच्या पैशातून वस्तू पाठवली हे तुला लागलं. बाबांच्या हाताखाली शिकलेला माणूस आणि त्याला परक्या म्हाताऱ्याचं जुनं मशीन पाठवते, ही कोण लागून गेली! असं असेल तर स्पष्ट लिही. मी रडून घेईन आणि विषय संपवेन.

दुसरी गोष्ट लिहू की नको असं चाललं होतं. फुल्खेन्सिओने गिटार परत आणून दिली. तो तिघांच्या मेळात वाजवतो, त्याला कळतं. म्हणाला, "दोन्या ओतिलिया, दिसायला नवरी आहे, पण वाजवली की बिस्किटाचा रिकामा डबा." मी त्याला फाडून खाल्लं. म्हटलं, कान तपासून घ्या. मग रात्री मीच तार छेडून पाहिली. मला काही कळत नाही यातलं, पण बाबांच्या घरात वाढले आहे. सेले, ती गिटार आतून गेलेली आहे.

तुझ्या हातून? काय झालंय?

ओतिलिया

*

पाराचो, २ एप्रिल

कोमाद्रे,

सोकोर्रोच्या बाप्तिस्म्याला तू तिला हातात घेतलंस, त्या नात्याने लिहितेय, नणंद म्हणून नाही. नणंदेला एवढं लिहायची माझी हिंमत झाली नसती. सेलेला हे पत्र माहीत नाही.

तो तुझ्यावर चिडलेला नाही गं. त्याला ऐकू येत नाही.

फोनवर तू काय विचारलंस ते त्याला कळलंच नाही. घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसला, जेवलाही नाही. तुझं पत्र आल्यावर तर अजूनच.

तुला माहीत आहे, आपल्याकडे गिटारीची वरची फळी मापाने होत नाही, कानाने होते. आतल्या बाजूच्या पट्ट्या पात्याने थोड्या खरवडायच्या, फळी कानाशी धरून बोट वाकवून टकटक करायचं, पुन्हा थोडं खरवडायचं. एक क्षण येतो की फळीचा गळा मोकळा होतो. तिथे थांबायचं. त्यापुढे पात्याची एक ओढ जास्त झाली तरी ती गिटार गेली. तू शपथ घातलीस, खरवडतानाही मशीन चालू. खरवडताना कुठे धूळ उडते? कुरळ्या ढलप्या पायाशी पडतात, त्या मी चुलीत घालते. पण आईची शपथ म्हणजे तुझ्या भावाला देवाची आज्ञा. त्या घरघरीत हा फळीवर टकटक करणार, फळी काय म्हणते ते कळणार नाही, म्हणून अजून खरवडणार. फुल्खेन्सिओची गिटार अशीच गेली. त्यानंतरच्या फळ्या तर तारा ताणल्यावर खाली खचल्या.

मग एक दिवस त्याने मशीन बंद केलं आणि फळी कानाशी धरली. तेव्हाही नीट ऐकू येईना. कानात सारखे रातकिडे ओरडतात म्हणतो, रविवारीसुद्धा, चर्चमध्ये मिस्सा चालू असतानासुद्धा. त्या दिवसापासून मशीनवर चादर टाकलीय. शपथ मोडली म्हणून आईच्या कबरीवर मेणबत्ती लावून आला. आणि धूळ पुन्हा सुरू, खोकला पुन्हा सुरू. मशीन लावलं तर कान जातो, बंद केलं तर छाती जाते. दोन्हीकडून गिटारच जाते ना कोमाद्रे?

काल त्याने बाबांची हत्यारं, पाती आणि रंधा, तेल लावून फडक्यात गुंडाळून ठेवली. चौकातल्या मोठ्या दुकानात गिटारी खोक्यांत भरायला माणूस हवाय, तिथे जाऊन बोलून आला. तुझ्या भावाने दुसऱ्यांच्या गिटारी भुशात भरायच्या. मला बघवणार नाही ते.

काहीतरी कर. पण मी सांगितलं असं म्हणू नकोस, तुला सोकोर्रोची शपथ. बघ, आता मीही शपथ घालायला लागले.

फिदेला

*

तिहुआना, २० एप्रिल

सेले,

मी गाढव आहे. हे वाक्य जपून ठेव, माझ्याकडून पुन्हा मिळणार नाही.

मला कोणी काही सांगितलेलं नाही. फुल्खेन्सिओच्या गिटारीवरून मीच विचार करत बसले आणि डोक्यात उजेड पडला. मी तुला खरवडतानाही मशीन लावायला सांगितलं. जन्मभर गिटारवाल्यांच्या घरात राहून मी हे सांगितलं! बाबा असते तर त्यांनी मला घराबाहेर उभं केलं असतं.

मग मी सीमा ओलांडून त्या वेंडेलकडे गेले. सामान बांधून झालं होतं, नवरा-बायको खोक्यांवर बसून कॉफी पीत होते. मी विचारलं, हा राक्षस तुम्ही घरात कसा पाळलात? म्हातारा म्हणाला, "घरात? बाई, मी तुम्हाला सांगितलं होतं की!" मला गॅरेजच्या मागे घेऊन गेला. तिथे त्याने मशीनसाठी वेगळी खोली बांधली होती, कपाटाएवढी. जाड भिंती, आतून घोंगड्या, दाराला चारी बाजूंनी रबर. मशीन तिथे, आणि फक्त पाइप गॅरेजमध्ये. सेले, मी म्हाताऱ्याचं मशीन विकत घेतलं आणि त्याचं घर तिथेच सोडून आले.

म्हाताऱ्याने सुरुवातीला तीच चूक केली होती, मशीन शेजारी ठेवून घोडे घडवत बसला. त्याच्या कानातही रातकिडे आले. पुढे खोली बांधली, कानांना काही दिवस सुट्टी दिली, मग रातकिडे गेले. हे मी त्याला तीन वेळा वदवून घेतलं.

आता काम ऐक. मागच्या अंगणात डुकराचं खोपटं आहे ना, सोकोर्रोच्या लग्नात डुक्कर कापल्यापासून रिकामं? त्याच्या भिंती कच्च्या विटांच्या आहेत, हातभर जाड. त्याहून चांगलं काय हवं? आवाजाला जड वस्तू लागते. लोक भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवतात, ते ऐकून म्हातारा इतका हसला की कॉफी सांडली. ट्रे नकोत, घोंगड्या लाव. मशीनच्या पायाखाली जुन्या टायरचे तुकडे घाल, माझ्या गिरणीखाली आहेत तसे, नाहीतर जमीनच गुरगुरते. पाइप रुंद ठेव आणि वळणं कमी. मशीनजवळचा तुकडा मऊ रबरी नळीचा घाल, म्हणजे मोटरीची थरथर भिंतीत जात नाही. आणि आत आलेली हवा बाहेर जायला वाट हवी, नाहीतर मोटर जळेल, पण ती वाट सरळ नको. लाकडी खोका करून दोन वळणं दे, आतून घोंगडी लाव. हवा वळते, आवाजाला वळायचा कंटाळा येतो.

शेवटी दार लावून दिवसा कुणीतरी आत बसायचं. जिथून उजेड दिसेल तिथून आवाज जाईल. ती फट बुजवायची.

जुनी शपथ मी मागे घेतलीय, आईला तसं सांगितलंय. मशीन फक्त घासताना आणि कापताना. खरवडताना तू, पातं आणि फळी. बाकी कुणी नाही.

गाढव बहीण,
ओतिलिया

*

पाराचो, ४ मे

ताई,

तुला कोणी काही सांगितलेलं नाही, हे वाचून मी फिदेलाकडे पाहिलं. ती घेवडा निवडत होती, आणि मान इतकी खाली घातली होती की परातीत पडेल असं वाटलं. मी तिला काही बोललो नाही. मीच बोलायला हवं होतं.

डुकराचं खोपटं चांगलं आहे. म्हातारा हुशार आहे. पण ताई, बहिऱ्या माणसाला शांत मशीन काय करायचंय?

मला भीती वाटते. कागदावर लिहिलं तर कमी होईल असं वाटलं होतं, तेवढी झाली नाही. बाबांचे कान गेल्यावर ते चौकातल्या बाकावर बसायचे, आठवतं? पोरं नव्या गिटारी वाजवून दाखवायला आणायची. बाबा वाजवणाऱ्याच्या बोटांकडे बघायचे आणि म्हणायचे, "छान." चांगल्या गिटारीला छान, भिकार गिटारीलाही छान. पोरं पाठीमागे हसायची. मी त्यांच्या शेजारी बसून ते हसणं ऐकायचो आणि त्यांना ऐकू येत नाही याचं मला बरं वाटायचं. मला त्या बाकावर बसायचं नाही. त्यापेक्षा खोकी भरीन.

मशीन परत पाठवू का? नाबोर पुढच्या आठवड्यात येतोय. पाय बरा आहे त्याचा.

सेले

*

तिहुआना, १५ मे

सेले,

मशीन परत पाठवलंस तर मी त्याच्यासोबत परत येईन आणि तुझ्या घरी राहीन. विचार करून ठरव.

बाबा सत्तरीच्या पुढे होते. तू पन्नाशीलाही पोचला नाहीस. आणि ऐक, माझ्या कानातही दर शनिवारी संध्याकाळी किडे ओरडतात, गिरणीमुळे. रविवारी दुपारी जेवायला बसेपर्यंत गप्प होतात. मी कधी बोलले नाही, मला वाटायचं सगळ्यांनाच होतं. तुझ्या कानांना आधी त्या मशीनने आणि आता करवतीने रविवारच मिळू दिला नाही.

नवी शपथ घालतेय, या वेळी विचार करून. मशीन बंद, करवत बंद, पातं बंद. लाकडाला हात लावायचा नाही, कान शांत होईपर्यंत. मग उरुआपानला जाऊन कान दाखव. खोपटं फिदेला आणि सोकोर्रोचा नवरा बांधतील. तू पडून राहा.

खोक्यांच्या कामाला हो म्हणालास तर मला तोंड दाखवू नकोस.

ओतिलिया

*

पाराचो, १५ जून

कोमाद्रे,

खोपटं झालं! पण कसं झालं ते ऐक.

सेले पडून राहिला, तू सांगितलंस तसाच, अगदी छताकडे बघत. आमचा जावई एवेलिओ बेकरी बंद झाल्यावर दुपारी यायचा. पोरगा गुणी आहे, पण हातात हातोडी दिली की ती कणीक असल्यासारखा मारतो. मी गाढवावर माती आणली, भिंतींच्या भेगा लिंपल्या, आतून सगळ्या जुन्या घोंगड्या खिळ्यांनी ठोकल्या. माझ्या आईने लग्नात दिलेली घोंगडीसुद्धा, डुक्कर असताना तिथे मी ती कधी नेली नसती. दोन्या एपिग्मेनिया रोज अंड्यांचे ट्रे घेऊन यायच्या. नको म्हटलं तर रागावल्या, म्हणून आता ते कोंबड्यांच्या बाजूला रचून ठेवलेत.

एवेलिओने दार बसवलं. कोमाद्रे, ते दार पाहून मलाच हसू आलं, तर सेलेचं काय झालं असेल! तो पाणी प्यायला म्हणून अंगणात आला, दाराकडे पाहिलं, बिजागऱ्यांकडे पाहिलं. तसाच आत गेला आणि फडकं सोडून बाबांचा रंधा घेऊन आला. मी म्हटलं, अरे, शपथ! तर म्हणाला, "ही शपथ गिटारीच्या लाकडाची आहे. हे दार आहे. आणि असं दार माझ्या अंगणात राहणार नाही." एवेलिओ इतका खूश झाला की त्याने हातोडी तिथेच टाकली.

मग मला आत बसवून बाहेरून दार लावलं, उजेड बघायला. डुकराच्या खोपट्यात बसून मी ओरडतेय, वरती डावीकडे, अजून, तिथे! आणि सेलेला ऐकू येत नाही म्हणून एवेलिओ बाहेरून त्याला बोटाने दाखवतोय. गल्लीतली सगळी पोरं भिंतीवर चढून बघत होती. शेवटी आत मिट्ट काळोख झाला.

पहिल्यांदा मशीन लावलं तेव्हा मला रडू आलं, कारण आवाज तसाच! मग सेलेने कारखान्याच्या भिंतीला तळहात लावला आणि पाइप भिंतीतून आत येतो त्या भोकाकडे बोट दाखवलं. एवेलिओने पाइप तिथे मातीने पक्का बसवला होता, मोटरीची थरथर सगळी भिंतीत. माती फोडली, भोक मोठं केलं, पाइपभोवती लोकर कोंबली. पुन्हा बटण दाबलं.

कोमाद्रे, स्वयंपाकघरात चुलीवर घेवडा रटरटत होता, तो मला ऐकू आला. मशीन चालू असताना! मी सेलेला खूण करून विचारलं, कसं वाटतं. तो म्हणाला, "मला काय कळणार." आणि गेला झोपायला.

पुढच्या मंगळवारी त्याला कानांसाठी उरुआपानला नेतेय. तू आईला सांग.

फिदेला

*

पाराचो, ६ जुलै

ताई,

आधी हे वाच, बाकी मागाहून. मी बहिरा नाही.

डॉक्टर पोरसवदा होता. माझ्या डाव्या कानात नळी घालून त्याने पाहिलं आणि विचारलं, "यात काय घातलंय?" मी म्हटलं, काही नाही. त्याने लांब चिमट्याने ओढलं, तर कापूस! शिसवीच्या धुळीने काळा झालेला, आत जाऊन घट्ट बसलेला. फेब्रुवारीत मशीनच्या आवाजासाठी घातला होता, त्याचा एक तुकडा आतच राहिला. डॉक्टर हसला नाही, भला माणूस. फिदेला मात्र इतकी हसली की नर्स बघायला आली, आणि मग हसता हसता रडायला लागली. मीही. तिघं कापसाच्या बोळ्याकडे बघत होतो.

उजव्या कानात कापूस नव्हता. तो नुसता दमला होता. यंत्रावर तपासलं, अगदी बारीक टोकाचे आवाज थोडे कमी ऐकू येतात, ते माझ्या वयाचं आहे म्हणाला. बाकीचं मशीनचं होतं आणि तू सांगितलंस तसं विश्रांतीने उतरलं. रातकिडे अजून रात्री एखादा येतो, पण वस्तीला राहत नाही. करवत लावताना कानांवर घालायच्या मोठ्या झाकणांची जोडी दिलीय. कापूस पुन्हा घातलास तर माझ्याकडे येऊ नकोस म्हणाला. अगदी तुझ्यासारखा बोलला.

छाती दाखवली. शिट्टी नाही.

घरी आल्यावर लगेच पातं उचललं नाही. भीती होती. आवरत बसलो, बाक पुसला, कुत्र्याला आत घेतलं. मग देवदाराची एक फळी काढली, पट्ट्या आधीच लावून ठेवलेल्या. एवेलिओ पलीकडच्या बाकावर गिटारीच्या मानेचा तुकडा पॉलिश पेपरने घासत होता, सध्या बेकरीनंतर शिकायला येतो, म्हणून मशीन चालू होतं. मागे डुकराच्या खोपट्यात ते काय करत असेल ते करो, इथे सोंडेत नुसती हवा जात होती. मी खरवडलं. फळी उचलली, कानाशी धरली आणि टकटक केलं.

बोलली ताई. आधी घसा बसल्यासारखी, मग थोडं खरवडल्यावर बरी, मग अजून थोडं. एवेलिओ हातातलं सोडून बघत होता. आणि मग तो आवाज आला, बाबा म्हणायचे ना, घरात कुणी दार उघडल्यासारखा. मी पातं बाकावर ठेवलं. एवेलिओ म्हणाला, "झालं? अजून एकदा नको?" म्हटलं, नको. आणि मला नेमकं माहीत होतं की नको. एवढं सुख मला लग्नातही झालं नव्हतं, हे फिदेलाला दाखवू नकोस.

फुल्खेन्सिओला सांग, नवी गिटार त्याचीच. जुनी फोडून चुलीत घाल, नाहीतर तुझ्या गिरणीत पीठ मोजायला घे.

आता शेवटचं. गेले काही महिने फिदेला मला जेवायला बोलवायला स्वतः कारखान्यात यायची. मागून येऊन खांद्यावर हात ठेवायची आणि तसाच थोडा वेळ ठेवून उभी राहायची. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायकोची माया एकदम वाढली, असं मला वाटलं आणि मी मनातून फार सुखावलो होतो. उरुआपानहून येताना बसमध्ये कळलं की ती स्वयंपाकघरातून हाका मारून मारून दमायची, आणि मला ऐकू यायचं नाही म्हणून यायची.

आज दुपारी तिने चुलीपाशी उभं राहून साध्या आवाजात हाक मारली, "सेले, जेवायला." मशीन चालू होतं. मला स्वच्छ ऐकू आली. मी फळीवर मान घालून गप्प बसलो. तिने पुन्हा हाक मारली, मग पावलं वाजली, तीही ऐकू आली. ती मागे येऊन उभी राहिली आणि तिने खांद्यावर हात ठेवला. घाबरली होती, हात थंड होता. म्हणून मी लगेच वर पाहिलं, आणि माझं तोंड बघून तिला सगळं समजलं.

"मेल्या," ती म्हणाली, "बहिरा नाहीस, लबाड आहेस."

पण हात काढला नाही.

तुझा,
सेले